बांगडीवाला गप्प बसला

अर्जुनी मोरगाव
१२ जानेवारी २०२५

सेवक,

जयभीम.

तुझं पत्र दिवाळीत आलं आणि माझं उत्तर संक्रांतीच्या तोंडावर निघतं आहे. माफ कर. रागावणारच असशील तर शिव्या मराठीतच लिहून पाठव. हलिमाला उर्दूपलीकडे वाचता येत नाही, तेवढीच घरात माझी इज्जत शाबूत राहील.

उशिराचं कारण असं, की मी मेलो होतो. म्हणजे मला तसं वाटलं. भाच्याच्या लग्नाच्या दावतीत जरा जास्त जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी छातीत असं काही दाबून आलं, की मी दुकानाच्या ओट्यावरच आडवा झालो आणि मोठ्याने कलमा म्हणू लागलो. हलिमा धावत आली आणि म्हणाली, "पहले पायजामा बदल लो, लोग आएँगे." अशी बाई. सरकारी दवाखान्यात नेलं तर तिथे ड्यूटीवर नर्स कोण? तुझी नात दीप्ती. तिने छातीला चिमटे लावले, मशीनमधून कागद काढला, एकदा पाहिला आणि म्हणाली, "आजोबा, हार्ट ठणठणीत आहे. हे कालचं मटण आहे." डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितलं, पण इंग्रजीत.

पण सेवक, मधल्या वेळात मी काय काय पाहून आलो! कबरीत दोन फरिश्ते येऊन सवाल करतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. मला वाटायचं, आपण गरीब बांगडीवाला, आपल्याला काय विचारतील? त्या दिवशी कळलं. विचारतील, की मुनीर पठाण, जन्मभर तू पेटी घेऊन गावोगाव फिरलास, बायांच्या हातात बांगड्या भरल्यास, आणि भरता भरता या गावच्या भानगडी त्या गावात पोचवल्यास. बोल आता.

त्याच जुम्म्याला मौलानांचं बयान नेमकं मोठ्या गुनाहांवर झालं. आमचे मौलाना पोरगेलेसे आहेत, पण आवाज असा की मशिदीतला पंखा बंद असला तरी हलतो. ते म्हणाले, मोठी पापं टाळा, लहानसहान पापं अल्लाह स्वतः पुसून टाकतो. आणि एका दिवसात वली, म्हणजे संत, व्हायला जाऊ नका. थोडं करा, पण रोज करा. मला हा सौदा पटला. ठोकचा भाव आहे.

घरी येऊन मी एकेक मोठं पाप आठवून पाहिलं. खून: कोंबडीखेरीज नाही. जादूटोणा: येत असता तर हलिमावर केला नसता का? व्याज खाणं: त्याला आधी पैसा लागतो. अनाथाचा माल खाणं: अनाथ मीच होतो, माल काकाने खाल्ला. लढाईतून पळून जाणं: घरातल्या लढाया धरत नसतील तर तेही नाही. सेवक, बरीच पापं मी केली नाहीत, कारण मला कोणी संधीच दिली नाही. याचं पुण्य पदरात पडतं की नाही, हे मौलानांना विचारायचं राहिलं.

मग उरली दोन. खोटं बोलणं आणि घीबत. घीबत म्हणजे माणूस समोर नसताना त्याची उणीदुणी काढणं, मग ती खरी का असेनात. आमच्यात म्हणतात, ते मेलेल्या भावाचं मांस खाण्यासारखं आहे. मी तर पंगतीच्या पंगती उठवल्या आहेत. दोन्ही एकदम सोडणं झेपणार नाही, म्हणून आधी घीबत सोडली. मोबाईल तांदळाच्या कोठीत खोल पुरला, कारण त्यावर "काय म्हणता" म्हटलं की पुढचं वाक्य घीबतच असतं. तुला काय फरक? फोनवर तुला ऐकू येतच नाही. कानाचं मशीन बॅटरी वाचवायला खिशात ठेवणारा गोंदियात तू एकटाच असशील.

आता माझी परीक्षा कशी झाली ते ऐक. बुधवारी बिरसीहून दोघं आली. कलाबाई गणवीर नावाची म्हातारी, मुलाची आजी, आणि तिचा जावई. दीप्तीला बघून गेलेलं ते स्थळ, ज्याबद्दल तू दिवाळीत लिहिलं होतंस. पोरगी अर्जुनीत नोकरीला आहे म्हणून चौकशी करायला अर्जुनीत आली. तुला ठाऊकच आहे, या भागात मुलीची चौकशी करायला लोक सरपंचाकडे जात नाहीत, माझ्याकडे येतात. मी प्रत्येक घरचं मनगट हातात धरलेलं आहे.

म्हातारी म्हणाली, "मुनीरभाऊ, सेवकरामची नात कसी आहे, सांगा."

मी एक शब्द बोललो नाही. चांगला नाही, वाईट नाही. दीप्ती समोर नाही, तर तिच्याबद्दल बोलणंच नको. तोंडावर हात ठेवला, वर आकाशाकडे पाहिलं आणि चहा मागवला. जावयाने खोदून खोदून विचारलं. मी म्हटलं, "मले माफ करा बा. त्या पोरीबद्दल मी काई बोलत नाई." दोघं एकमेकांकडे बघत उठली. म्हातारीने चहा अर्धाच प्यायला.

सेवक, तुझ्या मित्राने जीभ जिंकली. तुला आनंद होईल म्हणून मुद्दाम लिहितो.

तुझा, सुधारत असलेला,
मुनीर

•

गोंदिया
१८ जानेवारी

मुनीर,

सलाम. सलाम एवढ्यासाठीच, की तोही न लिहिता सुरुवात केली तर घाईघाईत अपमान होईल, आणि मला तो सावकाश करायचा आहे.

अरे गाढवा, मला आनंद होईल? माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनची बातमी मी शुद्धीवर यायच्या आधी केशोरीपर्यंत पोचवणारा तू. मी रेल्वेत पॉइंट्समन होतो तेव्हा गाडी लेट झाली की स्टेशन मास्तरच्या आधी तुला कळायचं. आणि माझ्या नातीचं नाव निघाल्यावर तू आकाशाकडे बघतोस? तुझी जीभ म्हणजे राइस मिलचा भोंगा. रोजचा भोंगा एक दिवस वाजला नाही तर मिलला सुट्टी आहे असं कोणी म्हणत नाही. आग लागली म्हणतात.

तशीच लागली. मधला माणूस टिकाराम काल तोंड पाडून आला. बिरसीत एकच चर्चा आहे, की असं काय आहे त्या पोरीत, जे मुनीर बांगडीवाल्यालासुद्धा सांगवत नाही? कोणी म्हणतो तिला फिट येतात. कोणी म्हणतो तिचं एक लग्न झालेलं आहे. कलाबाईने निरोप पाठवला, "विचार करून सांगतो." तुला ठाऊक आहे याचा अर्थ. जन्मभर बोलून तू जेवढी घीबत केली नाहीस तेवढी एकदा गप्प बसून केलीस.

आमच्याकडे पाचच शीलं आहेत. रोज संध्याकाळी म्हणतो, रोज एखादं हुकतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणतो. पण मी शील पाळायला गेलो आणि शेजाऱ्याच्या घरचं लग्न मोडलं, असं कधी झालेलं नाही.

मुनीर, चेष्टा सोड. दीप्तीची आई गेली तेव्हा ती पोरगी एवढीशी होती. तिचा बाप चैतराम कामावर जायचा आणि ती माझ्या खांद्यावर वाढली. मी चौऱ्याहत्तरचा झालो. डोळे मिटायच्या आत ती चांगल्या घरी गेलेली बघायची, बाकी मला काही नको. घर चांगलं आहे, शेती आहे, मुलगा अश्विन तिथल्याच विमानतळावर नोकरीला आहे. असं स्थळ तुझ्या तोंडामुळे, नव्हे, तोंड नसल्यामुळे गेलं, तर मी तुला माफ करणार नाही.

बिरसीला जा. बोल. चांगलं बोल. खोटं पडलं तरी बोल. ते पाप तू अजून सोडलेलं नाहीस, असं तूच लिहिलं आहेस.

सेवकराम

•

अर्जुनी मोरगाव
२७ जानेवारी

सेवक,

जयभीम. तुझं पत्र वाचून पुन्हा छातीत दुखलं. या वेळी मटण नव्हतं.

तसाच उठून मौलानांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. "चचा, आपने तो हद कर दी! आपसे चुप रहने को किसने कहा था?"

मी म्हटलं, "आपने. जुम्मे को. सबके सामने."

ते म्हणाले, लग्नासाठी कोणी विचारायला आलं तर जे खरं आहे ते सांगावंच लागतं. ती घीबत नाही. उलट लपवणं हा दगा आहे. फक्त गरजेपुरतं बोलावं, मटणाच्या सालनात मीठ घालतात तेवढं. म्हणजे बघ, मी एका पापावरून पाय उचलला तो बरोबर दुसऱ्यावर ठेवला. बांधावरून जपून चालावं आणि नेमकं चिखलात बसावं, तसं.

मग मी हळूच विचारलं, की मित्रासाठी थोडं खोटं चालेल का. त्यांनी सांगितलं, भांडणाऱ्या दोघांत समेट घडवायला गोड बोललं तर चालतं, पण लग्नाच्या चौकशीत मुळीच नाही. आता तूच सांग, तू ते "खोटं पडलं तरी बोल" लिहिलं नसतंस तर मी हा प्रश्न विचारलाच नसता. विचारला आणि अडकलो. म्हणून खोटंही सोडलं. ठरवलं होतं त्यापेक्षा लवकर सोडावं लागलं, त्यामुळे तयारी नव्हती.

परिणाम लगेच दिसला. परवा एक बाई दुकानात आली, हातात हिरव्या बांगड्या चढवल्या आणि म्हणाली, "कसा दिसते गा हा रंग?" जन्मभर मी या प्रश्नाला एकच उत्तर दिलेलं आहे. परवा म्हटलं, "बाई, तुझ्या हातावर मेलेला दिसते." ती समोरच्या दुकानातून दोन डझन घेऊन गेली, आणि जाताना मला दाखवून गेली. हलिमा आतून म्हणाली, "अल्लाह माफ करेगा. मैं नहीं करूँगी."

असो. पुढच्या आठवड्यात बिरसीला जातो. फक्त खरं बोलेन. दीप्तीबद्दल खरं बोलायला भीती कसली? चांगली पोर आहे. रागीट आहे, पण ते मिठाएवढंच सांगेन. आपण चौथीपर्यंत एका बाकावर बसलो आहोत, तू फेकलेली पाटी मी डोक्यावर झेलली आहे. तेव्हा माफ करणार नाही वगैरे लिहीत जाऊ नको. माझं खाणं सुटतं.

मुनीर

•

अर्जुनी मोरगाव
३१ जानेवारी

मुनीर आजोबा,

ड्यूटीवरून लिहिते आहे आणि वॉर्डमधल्या मावशींच्या हाती पाठवते आहे. दुकानात यावं तर हलिमादादी कान टवकारून बसलेल्या असतात. फोन करावा तर तुमचा फोन तांदळात. नाइलाज म्हणून चिठ्ठी.

बाबा म्हणाले, तुम्ही बिरसीला जाणार आहात. जाऊ नका ना.

मला ते स्थळ नको आहे. मुलगा वाईट नाही. बघायला आले तेव्हा आम्हा दोघांना बोलायला अंगणात बसवलं. तो विमानांबद्दल बोलला. किती माणसं बसतात, किती तेल लागतं, धुकं असलं की कुठे वळवतात. सगळी चौकशी विमानांची झाली, माझी नाही. उठताना एवढंच म्हणाला, "लग्नानंतर नोकरी सोडशीलच." आजोबा, ही नोकरी मी रडून, जागून मिळवली आहे. ती मी सोडणार नाही.

मग सेवकआजोबांना सरळ सांगत का नाही, असं तुम्ही म्हणाल. सांगायला गेलं की त्यांचं बीपी वाढतं, आणि ते मोजायला मीच बसलेली असते. मागे नुसतं "आजोबा, मला वाटतं" एवढंच म्हटलं होतं, तर आकडा बघून मी पुढचं वाक्य गिळलं. त्यांनी मला खांद्यावर वाढवलं, हे ते कधी बोलून दाखवत नाहीत. बोलून दाखवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

तुम्ही बिरसीवाल्यांसमोर गप्प बसलात असं कळलं तेव्हा मी वॉर्डात पेढे वाटणार होते. तेवढंच पुन्हा करा. नाहीतर सांगून टाका, की पोरगी फार भांडखोर आहे. ते काही खोटं नाही.

आणि हे सेवकआजोबांना कळू देऊ नका. तुमच्यात अमानत म्हणतात ना, तशी ही माझी तुमच्याकडे. आजवर मी कोणाला बोलले नाही. तुम्हाला सांगते आहे, यावरूनच माझी काय अवस्था आहे ते ओळखा.

दीप्ती

ता. क. रात्री मटण बंद.

•

अर्जुनी मोरगाव
९ फेब्रुवारी

सेवक,

जयभीम. बिरसीला जाऊन आलो. बल्लारशाच्या गाडीने गोंदियाला उतरलो आणि तुझ्या घरी न येता सरळ ऑटो धरला. तुला भेटलो असतो तर तू पढवून पाठवलं असतंस.

कलाबाई अंगणात सुपात तूर पाखडत बसली होती. डोक्यावरून शिकाऊ पोरांचं विमान फिरत होतं. ती वर न बघताच म्हणाली, "तुमचं तोंड उघडलं का गा?"

"उघडलं, बाई. त्या दिवशी माझंच चुकलं. पोरीत काई खोट नाई. मीच नवा नवा सुधरून राहिलो होतो."

"या वयात?"

"हो ना."

"मंग बसा. पोरगी रागीट हाय म्हणतेत."

खरंच बोलायचं होतं. म्हटलं, "हाय."

"किती?"

"वॉर्डात एक माणूस दारू पिऊन धिंगाणा घालत होता. तिनं कॉलर धरून त्याले फाटकाच्या बाहेर नेऊन सोडलन."

म्हातारीने सूप खाली ठेवलं. "एकटीनं?"

"एकटीनं."

"वा!" ती म्हणाली. "सैपाक?"

"भात करते. कधी लगदा होते, कधी दाताले लागते."

"सैपाकाले मी आहो. उलटून बोलते का?"

"मोठ्या डॉक्टरलेई सोडत नाई."

"आमच्या घरच्या माणसायले असीच पायजे," कलाबाई म्हणाली आणि सुनेला हाक मारून माझ्यासाठी पोहे टाकायला सांगितले. सेवक, मी जे जे खरं सांगत गेलो ते ते ऐकून ती जास्तच खूश होत गेली. मला घाम फुटला. काऊन फुटला ते विचारू नको. मी मीठ टाकत होतो आणि तिला ते साखरेसारखं लागत होतं.

नोकरीचा विषय मीच काढला. ही गोष्ट तर अख्ख्या अर्जुनीला ठाऊक आहे, की दीप्तीचा जीव त्या दवाखान्यात आहे. म्हटलं, "बाई, पोरगी नोकरी सोडन असं मले दिसत नाई." ती म्हणाली, "ते अश्विन पाहीन." मग पोहे आले. मी पहिला घास घेतला आणि तिने विचारलं, "शेवटचं सांगा. पोरीचं मन हाय का?"

घास तोंडातच राहिला. पहिल्या वेळी मी गप्प बसलो ते माझ्या कबरीच्या भीतीने. या वेळी मला बोलायचं होतं, सेवक, आणि तोंड उघडलंही होतं. पण जे उत्तर द्यायचं ते माझं नव्हतं. दुसऱ्याची वस्तू मी कशी वाटणार? मी गप्प बसलो. आकाशाकडेही पाहिलं नाही. तिच्याकडेच बघत राहिलो.

कलाबाईने सुपातली तूर हाताने सारखी केली. मग सूप पुन्हा हातात घेत म्हणाली, "मले कोणी पुसलं नोतं." आणि थोड्या वेळाने, "पोहे खा. थंडे होऊन राहिले."

ती तुला निरोप पाठवेल. तू आता विचारशील, की मुनीर, एक "हो" म्हणायला तुझ्या बापाचं काय जात होतं? त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही. दीप्तीला विचार.

मुनीर

•

गोंदिया
१७ फेब्रुवारी

मुनीर,

कलाबाईचा निरोप आला. पोरगी पसंत आहे, पण पोरीला विचारून मग हो सांगा म्हणते. आजकालच्या म्हाताऱ्यांनाही वारं लागलं आहे.

तरी विचारलं. काल रविवार, दीप्ती घरी आली होती. चैतराम होता, त्याची बहीण होती, टिकाराम होता. चहा चालला होता. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाई, बिरसी पक्की करायची ना?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, आजोबा." झालं. सोळा मार्चला साखरपुडा ठेवला आहे.

ज्या प्रश्नाचं उत्तर पोरीने घोटभर चहात दिलं, त्यावर तू पोहे तोंडात धरून बसलास. दुसऱ्यांदा. परक्या अंगणात. मी तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आहे. तुला घाम का फुटला? कोणाची वस्तू? माझ्या घरातलं असं काय आहे, जे तुला माहीत आहे आणि मला नाही?

तू जगापासून काही लपवलं नाहीस म्हणून लोक तुला हसत आले, आणि मी मात्र तेवढ्याचसाठी तुझ्यावर विश्वास ठेवला. निदान हा माणूस पोटात काही ठेवत नाही. आता तूही ठेवायला लागलास, आणि तेही माझ्यापासून.

काय आहे ते लिही. लिहायचं नसेल तर साखरपुड्याला येऊ नको, आणि पुढे पत्रही पाठवू नको.

सेवकराम

•

अर्जुनी मोरगाव
५ मार्च

सेवक,

जयभीम. पत्र पाठवू नको म्हणालास तरी पाठवतो आहे. न उघडता फाडणार असशील तर आधी उघड, मग फाड.

रोजे सुरू झाले. उपाशी पोटी राग जास्त येतो म्हणतात, मला भीती जास्त वाटते. तुझं उत्तर लिहायला मी रोज बसलो आणि रोज उठलो. एका ओळीचं काम आहे. ती ओळ लिहिली की तू पुन्हा माझा. साखरपुड्याला मानाची खुर्ची, रोजा सुटल्यावर, मटण नसलं तरी, जेवण. पण ज्याने मला विश्वासाने काही सांगितलं, ते माणूस पुन्हा जन्मात कोणाला काही सांगणार नाही. नाही लिहिली तर तू गेलास. या वयात नवा मित्र कुठून आणू? मला कोणी घेणारही नाही. खरं बोलतो आणि गप्प बसतो, अशा माणसाची संगत कोणाला हवी असते?

मौलानांकडे गेलो होतो. मी म्हटलं, "मोठे गुनाह सोडायला लागल्यापासून घरात कोणी बोलत नाही, दुकानात गिऱ्हाईक नाही आणि दोस्त चालला. हे असंच असतं का?" ते हसले नाहीत, ही विशेष गोष्ट. म्हणाले, "चचा, जिसकी बात है उसके मुँह से निकलवाइए. आप रास्ता बना दीजिए, बस." म्हणून तुला रस्ता सांगतो.

तू विचारलंस, ते विचारणं नव्हतं. पोरीच्या हातात चहाचा कप, समोर मध्यस्थ, बाजूला आत्या, आणि तू डोळ्यांत जीव आणून बसलेला. अशा वेळी कोणती पोरगी नाही म्हणेल? थांब. ती नाही म्हणणार आहे, असं मी म्हटलेलं नाही. हो म्हणणार आहे, असंही म्हटलेलं नाही. मी काहीच म्हटलेलं नाही. हे वाक्य खोडणार होतो, पण खोडलेलं तू उजेडात धरून वाचशील, म्हणून राहू देतो.

ती रविवारी आली की तिला घेऊन स्टेशनवर जा. तू संध्याकाळी त्या शेवटच्या बाकावर बसतोसच. तिथे कोणी चहा देत नाही आणि कोणी मध्यस्थ नाही. कानात मशीन घाल. आणि विचार, की दीप्ती, तुला काय हवं आहे? बिरसी म्हणू नको, अश्विन म्हणू नको, मी किती दिवसांचा सोबती हे तर मुळीच म्हणू नको. एवढं विचार आणि गप्प बस.

हे गप्प बसणं फार अवघड आहे, सेवक. मी दोनदा केलं आहे म्हणून सांगतो. पहिल्यांदा केलं तेव्हा मी किती चांगला झालो हेच बघत होतो, त्यात तुझ्या घराची अब्रू गेली. दुसऱ्यांदा केलं तेव्हा समोरची म्हातारी बोलायला लागली. गप्प बसायचं ते समोरच्यासाठी. आपल्यासाठी बसलं की ते नुसतं तोंड बंद. गाडी आली, गाडी गेली, तरी बोलू नको. पहिल्यांदा ती "तुम्ही म्हणाल तसं" असंच म्हणेल. तरी बोलू नको. सिग्नल पडला नाही तर गाडी उभीच ठेवायची, हे मी तुला शिकवावं का?

मग ती जे म्हणेल ते ऐक. त्यावर तुला राग आला तर माझ्यावर काढ. मी रविवारी कुठेही जात नाही. गोंदियाहून यायला गाडी आहे, मला मारायला आलास तरी इफ्तारी करूनच जाशील. राग आला नाही, तर मला साखरपुड्याला बोलवायचं की नाही, किंवा साखरपुडाच ठेवायचा की नाही, ते तुझं तू ठरव.

ती काय म्हणाली ते मला लिहू नको. ते तिचं आहे, आणि मला कसंही करून पचवता येणार नाही. पण ऐकून घेतल्यावर तू काय म्हणालास, ते मला माहीत नाही. रात्रंदिवस तेवढंच डोक्यात आहे. तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास, की उठून एकटाच घरी चालू लागलास? तेवढं कळव. स्वतःबद्दल स्वतःच लिहिलं तर घीबत होत नाही, हे मी मौलानांना विचारून ठेवलं आहे. कार्डावर एक ओळ चालेल, पण लवकर पाठव, सेवक. पोस्टमन दिसला की माझा रोजा कोरडा पडतो.

मुनीर